कात्रीने कथा सांगणारा माणूस : हान्स क्रिश्चन अँडरसन

श्रावण सरत आला की आपल्या कोगनोळीच्या घराघरांतून कागदाचे कपटे उडू लागतात. गणपतीचे मखर, पताका, झिरमिळ्या, पुढे दिवाळीचा आकाशकंदील आणि शेवटी शाळेचे स्नेहसंमेलन, ह्या साऱ्यांसाठी कात्री, खळ आणि रंगीत कागद ह्यांचे राज्य सुरू होते. ते पाहून वडीलधारी मंडळी कधी कौतुक करतात, तर कधी अभ्यास सोडून हे कसले खूळ म्हणून रागे भरतात. रागे भरणाऱ्यांत आम्हीही एकदा होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. व्याकरणाच्या तासाला मागच्या बाकावरील एक मुलगा मांडीवर कागद धरून काहीतरी कातरीत बसला होता. आम्ही तो कागद काढून घेतला आणि त्याला चार शब्दही सुनावले. तास संपल्यावर सहज घडी उलगडून पाहिली, तो चोचीला चोच लावून समोरासमोर उभे असलेले दोन मोर! कागदावर पेन्सिलीची एक रेघदेखील नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही तो कागद त्या मुलाला परत दिला खरा. पण मनाला लागलेली रुखरुख काही गेली नाही. कारण असाच कागद कातरीत बसणारा एक गरीब मुलगा पुढे जगाचा आवडता कथाकार झाला, हे आम्हांस ठाऊक होते. त्याचेच चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडील एक लहानसा देश. त्यातील फ्यून बेटावर ओडेन्स नावाचे गाव आहे. तेथे २ एप्रिल १८०५ रोजी हान्स क्रिश्चन अँडरसन ह्यांचा जन्म झाला. वडील जोडे शिवीत, आई लोकांचे कपडे धूत असे. एकाच खोलीत सारा संसार. तेथेच वडिलांची रापी आणि आरी, तेथेच चूल आणि तेथेच अंथरूण. आईला लिहितावाचता जवळजवळ येत नव्हते. वडिलांना मात्र वाचनाचा नाद होता. रात्री काम आटोपले की ते मुलाला अरबी भाषेतील सुरस गोष्टी वाचून दाखवीत. त्यांनी त्याला बाहुल्यांची एक छोटीशी रंगभूमीही करून दिली होती. मग काय, हान्स दुकानांतून चिंध्या गोळा करून आणी, बाहुल्यांचे कपडे स्वतः शिवी आणि एकटाच सारी पात्रे होऊन नाटके करी. बाहेर इतर मुले खेळत असता हा आपल्या बाहुल्यांत रमलेला. आईला वाटे, पोराच्या बोटांत शिंप्याचे कसब आहे, हा शिंपी होणार.

बोटांतील हे कसब घराण्यात नवे नव्हते. त्याचे आजोबा वेडसर होते. ते लाकडाच्या विचित्र आकृती कोरीत. माणसाच्या धडावर पशूचे मुख, पशूला पक्ष्याचे पंख, असे काहीतरी घडवून ते खेड्यांतून बायामुलांना वाटीत फिरत. गावातील टवाळ पोरे त्यांच्या मागे लागत, आणि छोटा हान्स भीतीने जिन्याआड लपून बसे. आपणही एखादे दिवशी असेच वेडे होऊ, ही धास्ती त्याला जन्मभर सोडून गेली नाही. परंतु आजोबांच्या त्या पंखवाल्या आकृतींचे गोत्र पुढे नातवाच्या कात्रीतून पुन्हा प्रकट झाले, असे आम्हांस वाटते.

नेपोलियनच्या युद्धांच्या काळात वडील सैन्यात गेले आणि प्रकृती खालावून परत आले. १८१६ साली ते वारले, तेव्हा हान्स अवघा अकरा वर्षांचा होता. पोटासाठी मुलाला कामाला धाडणे आईला भाग पडले. तो आधी कापडाच्या गिरणीत गेला. तेथे त्याचा गोड, बारीक आवाज ऐकून कामकरी त्याची क्रूर थट्टा करीत. मग काही दिवस त्याने तंबाखूच्या कारखान्यात काम केले. निपाणीच्या परिसरात राहणाऱ्या आपणांस तंबाखूच्या वखारीतील तो उग्र दर्प आणि घशाशी येणारी ती धूळ निराळी सांगावयास नको. आपल्यापैकी कित्येकांच्या आया-आज्या त्या धुळीत बसून राबल्या आहेत. दूरच्या त्या थंड देशातील हा मुलगा त्या बाबतीत तरी आपल्याच गावचा म्हणावयास हरकत नाही.

१८१८ साली आईने दुसरे लग्न केले. हान्सच्या मनाने मात्र राजधानीचा ध्यास घेतला होता. आपण नट व्हावे, गायक व्हावे, रंगभूमीवर चमकावे, असे त्याला वाटे. १८१९ सालच्या सप्टेंबरात, वयाच्या चौदाव्या वर्षी, गाठीला बांधलेल्या थोड्याशा पैशांनिशी तो एकटाच कोपनहेगनला गेला. तेथे त्याला कोणी ओळखत नव्हते. उंच, किडकिडीत बांधा, मोठे नाक, तोकडे कपडे आणि बोलण्यात खेडवळपणा, अशा ह्या मुलाला पाहून लोक हसत. गाणे शिकावे तर वयपरत्वे आवाज फुटला. नृत्य शिकावे तर अंगात चपळाई नाही. नाटके लिहून पाठवावीत तर ती परत येत. तीन वर्षे त्याने अर्धपोटी काढली. पण भाड्याच्या त्या कोंदट खोलीतही त्याचा बाहुल्यांचा खेळ आणि त्यांचे कपडे शिवणे चालूच होते.

अखेर राजनाट्यगृहाच्या संचालकांपैकी एक, जोनास कोलिन, ह्या सज्जन गृहस्थांची दृष्टी त्याच्याकडे वळली. ह्या मुलात काही आहे, पण शिक्षण मुळीच नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी राजाकडून त्याच्या शिक्षणाचा खर्च मंजूर करून घेतला आणि १८२२ साली त्याला स्लागेल्से येथील शाळेत घातले. सतरा वर्षांचा हा उंच मुलगा अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या ओळीत बसू लागला. तेथील मुख्याध्यापक मायस्लिंग हे विद्वान खरे, पण जिभेचे तिखट. वर्गासमोर त्याचा पाणउतारा करावा, कविता लिहू नये म्हणून दटवावे, असा त्यांचा क्रम होता. ही वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत काळी वर्षे होती, असे पुढे अँडरसन सांगत. शिक्षकाच्या एका शब्दाने मूल किती कोमेजते, हे ह्या प्रकरणावरून आम्हां शिक्षकांनी शिकण्यासारखे आहे. तरीही त्याने शाळा सोडली नाही. १८२८ साली तो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला.

ह्यापुढची हकीकत आपण पुष्कळशी जाणता. १८३५ साली त्यांची परीकथांची पहिली छोटी पुस्तिका निघाली. तीत चारच कथा होत्या. नंतर जवळजवळ चाळीस वर्षे ते कथा लिहीत राहिले आणि त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. राजाचा नवा पोशाख, कुरूप बदकपिलू, चिमुकली जलपरी, काड्यापेट्या विकणारी मुलगी, ह्या कथा मराठीतही आल्या असून आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकल्या असतील. परंतु त्या कथांच्या जोडीला दुसरे एक नाजूक काम त्यांच्या हातून आयुष्यभर होत होते, ते मात्र पुष्कळांस ठाऊक नाही. ते म्हणजे कागद कातरण्याचे.

अँडरसन कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले की मुले त्यांच्याभोवती गोळा होत. ते एक कागद घेत, त्याची घडी घालीत आणि खिशातून कात्री काढीत. ती कात्री नाजूक नव्हे, चांगली मोठी असे. मग ते गोष्ट सांगू लागत आणि बोलता बोलता कात्री चालू लागे. कागद वळे, कपटे खाली पडत, पण आत काय आकार घेत आहे हे कोणालाच कळत नसे. गोष्ट संपली की ते घडी उलगडीत. आणि पाहावे तो काय! पंख पसरलेले राजहंस, टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या नर्तिका, खिडक्यादारांसह राजवाडा, विदूषक, देवदूत, अथवा पवनचक्कीच बनलेला एक माणूस, ज्याच्या पोटात दार आणि दाराला शिडी! आधी आकृती काढावयाची नाही, मोजमाप घ्यावयाचे नाही. जे काही होते ते मनात.

ज्यांनी घडीचा कागद कातरला आहे त्यांना ह्यातील मर्म समजेल. एका घडीचा कागद कापला तर उलगडल्यावर डावी आणि उजवी बाजू हुबेहूब सारखी येते. दोन घड्या घातल्या तर एका कापाचे चार काप होतात. दुमडीची कड पूर्ण कापली गेली तर चित्राचे दोन तुकडे होऊन हातात येतात. म्हणून ती कोठे सोडावयाची आणि कोठे कापावयाची, हे आधीच ठरवावे लागते. एकदा चाललेली कात्री मागे घेता येत नाही. चित्रकाराला खोडरबर आहे, लेखकाला खाडाखोड आहे. कागद कातरणाराला ह्यातले काहीच नाही. शिवाय तो जे कापून टाकतो त्यातूनच चित्र दिसू लागते. रिकाम्या जागेलाही आकार असतो, ही गोष्ट त्याने डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

त्यांच्या कथांतही हा कागद ठिकठिकाणी आढळतो. त्या पहिल्याच पुस्तिकेतील छोट्या इडाच्या फुलांच्या कथेत एक विद्यार्थी आहे. तो इडाला गोष्टी सांगतो आणि सुंदर चित्रे कातरून देतो. तो विद्यार्थी कोण, हे सांगावयास नकोच. १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या कथिलाच्या शिपायाच्या कथेत तर नायिकाच कागदाची. कागदी राजवाड्याच्या दारात एका पायावर उभी राहिलेली ती कागदी नर्तिका, आणि तिच्यावर जीव जडलेला तो एका पायाचा शिपाई! हातांनी अशा नर्तिका ज्याने कापल्या नाहीत, त्याला ही कथा सुचली असती की नाही, ह्याची आम्हांस शंका वाटते.

आता असा प्रश्न मनात येईल की, एवढा नामांकित लेखक कागद कातरीत का बसे? ह्याचे एक उत्तर त्यांच्या एकटेपणात आहे. अँडरसन अविवाहित राहिले. त्यांनी स्वतःचे घर असे केले नाही. भाड्याच्या खोल्यांत राहावे आणि आठवड्याचे वार लावून स्नेह्यांच्या घरी जेवावे, असा त्यांचा परिपाठ होता. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून शिकत, त्याची आठवण ह्यावरून होते. ज्यांच्या घरी अन्न खाल्ले त्यांच्या मुलांना काय द्यावे? तर कागदाचा एक राजहंस. ही त्यांची परतफेड होती. १८५९ साली त्यांनी कोलिन ह्यांच्या जावयांच्या मदतीने त्यांच्या लहानग्या नातीसाठी, ख्रिस्तीनेसाठी, एक चित्रपुस्तक केले. त्यात छापील चित्रांची कात्रणे आणि स्वतः कातरलेल्या आकृती एकत्र चिकटवून पाने सजविली होती. १८६० साली त्यांनी दोन रंगांच्या कागदी पट्ट्या एकमेकींत विणून एक हृदय तयार केले; नाताळात डेन्मार्कच्या घरोघरी अशी हृदये टांगतात, आणि आज जपून ठेवलेल्या अशा हृदयांत अँडरसन ह्यांचे ते हृदय सर्वांत जुने मानले जाते.

दुसरे उत्तर भाषेचे आहे, आणि ते आपणां सीमाभागातील लोकांना विशेष कळेल. अँडरसन ह्यांची डॅनिश भाषा फार थोड्या लोकांची. त्यांनी परदेशाचे जवळजवळ तीस प्रवास केले, पण परभाषा त्यांच्या जिभेवर नीट बसल्या नाहीत. १८५७ साली ते इंग्लंडात थोर कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ह्यांच्या घरी पाच आठवडे राहिले. त्यांचे इंग्रजी घरच्यांना समजत नसे आणि मुक्काम लांबल्यामुळे मंडळी कंटाळूनही गेली. परंतु डिकन्स ह्यांच्या एका मुलाला म्हातारपणीही आठवत राहिले ते अँडरसन ह्यांनी साध्या कात्रीने कातरलेल्या पऱ्या आणि यक्ष. जेथे शब्द अडखळले तेथे कागद बोलला. आमच्या घरची बोली कोंकणी, आम्ही शिकवितो मराठीतून आणि बाजारात व कचेरीत कानी पडते ती कन्नड. भाषेच्या उंबरठ्यावर ठेच लागणे म्हणजे काय, हे आम्ही अनुभवले आहे. म्हणूनच हा प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो.

सीमेचे दुःखही अँडरसन ह्यांच्या वाट्याला आले. डेन्मार्क आणि जर्मन राज्ये ह्यांच्यामध्ये श्लेस्विग नावाचा प्रांत आहे. तेथे दोन्ही भाषा बोलणारे लोक शेजारी शेजारी राहत. ह्या प्रदेशावरून १८४८ ते १८५१ आणि पुन्हा १८६४ साली युद्धे झाली. दुसऱ्या युद्धात डेन्मार्कचा पराभव होऊन श्लेस्विग हातचा गेला. पुढे १९२० साली लोकांचे मत घेऊन त्याचा उत्तरेकडील भाग डेन्मार्कला परत मिळाला. परंतु तो दिवस पाहावयास अँडरसन उरले नव्हते. त्यांची कीर्ती जर्मनीत फार लवकर पसरली होती आणि त्यांचे कित्येक जिवलग स्नेही जर्मन होते. युद्ध पेटताच हे स्नेहसंबंध तुटल्यासारखे झाले. एकीकडे मातृभूमी आणि दुसरीकडे मैत्र, ह्यांत त्यांचे मन अक्षरशः कापले गेले. तरी त्यांनी कोणा एका भाषेच्या लोकांचा द्वेष आपल्या कथांत शिरू दिला नाही.

६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्स गावाने त्यांना सन्मान्य नागरिकत्व दिले. ज्या रस्त्यांवरून चिंध्या गोळा करीत हिंडावे लागले, ते रस्ते त्या रात्री मशालींनी उजळले. अँडरसन ह्यांचा स्वभाव निर्दोष होता असे नाही. ते स्तुतीला हपापलेले असत, टीकेने रडकुंडीला येत, लहानसहान गोष्टींनी घाबरत. दरिद्री बालपणाने दिलेल्या ह्या जखमा होत्या. त्या कीर्तीनेही भरून आल्या नाहीत.

१८७३ साली ते दुखण्याने खिळले. लेखणी हाती धरवेना, तेव्हा त्यांनी पुन्हा कात्री हाती घेतली. १८७३-७४ च्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या खोलीसाठी घडीचा एक मोठा पडदा तयार केला. त्याचे आठ भाग असून त्यांवर बालपण, रंगभूमी, डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे, जर्मनी व ऑस्ट्रिया, फ्रान्स, इंग्लंड आणि पूर्वेकडील देश असे विषय मांडले आहेत. पुस्तकांतील व नियतकालिकांतील शेकडो चित्रे कातरून ती एकावर एक, एकामागे एक अशी चिकटविली आहेत. मुखांच्या मागे इमारती, इमारतींच्या मागे डोंगर. पाहावे तितके अधिक दिसते. बापाने करून दिलेल्या त्या छोट्या रंगभूमीपासून आयुष्यात जे जे पाहिले, ते सारे ह्या आजारी माणसाने कागदाच्या थरांत पुन्हा उभे केले. आणि जर्मनीला त्या पडद्यात जागा आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो पडदा ओडेन्स येथे जतन केलेला आहे.

४ ऑगस्ट १८७५ रोजी, कोपनहेगनजवळ एका स्नेही कुटुंबाच्या घरी, अँडरसन ह्यांचे देहावसान झाले. त्यांचा जन्मदिवस, २ एप्रिल, हा १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. मुलांना सहज देऊन टाकलेल्या त्यांच्या कातरकामांपैकी शेकडो नमुने आजही जपून ठेवलेले आहेत. ज्या घरांनी ते शंभर-दीडशे वर्षे पुस्तकांच्या पानांत सांभाळले, त्या घरांचेही ह्यात श्रेय आहे.

आज कागद कापण्यासाठी घरातील टेबलावर मावेल असे यंत्र मिळते. संगणकावर आकृती रेखाटावी, चिकट तक्त्यावर कागद बसवून तो आत सरकवावा, आणि पेन्सिलीच्या टोकाएवढे पाते सुबक कापून देते. एकाच देखाव्याचे पाच-सहा थर निरनिराळ्या रंगांत कापावेत, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून ते एकापुढे एक लावावेत, की सपाट कागदाला खोली येते. ही सोय चांगलीच आहे. जुन्याचा अभिमान धरून नव्या साधनाला नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही. कात्री हेही एके काळचे नवे साधनच होते. पण कोणता थर पुढे आणि कोणता मागे, काय ठेवावे आणि काय कापून टाकावे, हे यंत्र ठरवीत नाही. आणि ते चित्र कोणाला द्यावयाचे, हे तर मुळीच नाही. ते ज्याचे त्यानेच ठरवावे लागते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी गुणांच्या यादीत वर असेल, कोणी खाली असेल. ज्याच्या बोटांत काही कसब आहे त्याने ते लाजून लपवू नये. मात्र त्या नादात अभ्यासही टाकू नये. अँडरसन ह्यांनी लहान मुलांच्या ओळीत बसून, अपमान सोसून, आपले शिक्षण पुरे केले, हे विसरू नका. आणि पालकहो, घरातील केर काढताना कागदाची एखादी घडी सापडली, तर ती फेकून देण्यापूर्वी एकवार उलगडून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.